आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर: कोणी कोणी पाहिला? कसा वाटला?

तिसरी_घंटा
११ नोव्हेंबर २०१८, रात्री

एकेकाळी मराठी रंगभूमी गाजवणाऱ्या नटावरचा, पाडव्याला लागलेला 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' काल पाहिला. इथे धागा दिसला नाही म्हणून काढतो आहे. गोष्ट आधी कळलेली ज्यांना चालत नाही त्यांनी आधी चित्रपट बघून यावं, कारण खाली हातचं राखून लिहिणार नाही.

नटमंडळींपासून सुरुवात करतो, कारण थिएटरात पहिला अर्धा तास आमच्या रांगेत तेच चाललं होतं, हा कोण आणि तो कोण. सुबोध भावे घाणेकर. सोनाली कुलकर्णी सुलोचनादीदी. प्रसाद ओक प्रभाकर पणशीकर. सुमीत राघवन डॉ. श्रीराम लागू. आनंद इंगळे वसंत कानेटकर. मोहन जोशी भालजी पेंढारकर. वैदेही परशुरामी घाणेकरांची दुसरी पत्नी कांचन, नंदिता धुरी पहिली पत्नी इरावती. प्राजक्ता माळी आशा काळेंच्या भूमिकेत येऊन 'गोमू संगतीनं' करून जाते. मराठीत एवढी मोठी फौज एका पडद्यावर क्वचित जमते, आणि इथे तर प्रत्येकाच्या वाट्याला असं माणूस आलंय की ज्याचा आवाज, चाल, हातवारे आपल्या आईवडिलांना पाठ आहेत. जरा चुकलं की लोक घरी जाऊन बोलणार.

फारसं चुकलेलं नाही. सुबोध भावेने बालगंधर्व केले, लोकमान्य केले, तेव्हाही तो आवडला होता. पण तिथे प्रेक्षकांपैकी जवळजवळ कोणीच मूळ माणसाला पाहिलेलं नव्हतं. घाणेकरांना पाहिलेले लोक आज हयात आहेत, माझ्या शेजारच्या खुर्चीत असे एक गृहस्थ होते, आणि घाणेकरांनी गाजवलेला 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या रंगमंचावर आला तेव्हा त्यांनी शिट्टी मारली. त्या वयात, मल्टिप्लेक्समध्ये. मला यापेक्षा मोठी पावती सुचत नाही. नाटकाचे प्रसंग सगळेच जमलेत. लाल्याचा तो बेफिकीर तोरा बघताना एका क्षणी मी सुबोध भावे विसरलो होतो.

आता जे सलतंय ते. हा चित्रपट घाणेकरांच्या टाळ्या दाखवतो, दारू दाखवतो, बायका दाखवतो, पण त्यांचं काम फार थोडं दाखवतो. १९६२ साली 'रायगडाला जेव्हा जाग येते' आलं तेव्हा संभाजी म्हणजे बिघडलेला मुलगा हीच समजूत बहुतेकांच्या डोक्यात होती. कानेटकरांनी तो दुखावलेला मुलगा म्हणून लिहिला आणि एका दंतवैद्याने, म्हणजे घाणेकरांनी, तो उभा केला. मला बघायचं होतं की या माणसाला तो संभाजी सापडला कसा. दवाखान्यात लोकांच्या दाढा काढता काढता तो वाक्यं म्हणत होता का? मास्टर दत्ताराम दिग्दर्शक होते आणि शिवाजीही तेच करत होते. त्यांच्यासमोर तालमीत उभं राहताना याचे पाय लटपटले का? ही भूमिका मिळावी म्हणूनची धडपड चित्रपटात आहे, ती रंगतेही. पण भूमिका मिळाल्यावर नटाचा जो खरा झगडा सुरू होतो तिथे कॅमेरा थांबत नाही. थेट टाळ्याच.

चित्रपट कांचनताईंच्या 'नाथ हा माझा'वर बेतलेला आहे. पत्नीने लिहिलेल्या आठवणींत घर जास्त येणार आणि तालीम कमी, हे मला समजतं. पण दिग्दर्शक अभिजित देशपांडेंना पुस्तकाबाहेर जायला कोणाची ना नव्हती.

तुम्हाला कसा वाटला?

---

रानपाखरू
११ नोव्हेंबर २०१८

मी पहिल्याच दिवशी पाहिला. घाऱ्या डोळ्यांच्या लेन्स सुरुवातीला फार जाणवल्या, नंतर सवय झाली. सुमीत राघवनबद्दल तू फक्त नाव लिहून पुढे गेलास हे काही बरोबर नाही! आमच्या शोला लागूंचं पहिलं वाक्य आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. थांबत थांबत, शब्द तोलून बोलण्याची ती लकब त्याने उचलली आहे, पण नक्कल केल्यासारखी वाटत नाही. मला चित्रपटातली सगळ्यात चांगली भूमिका त्याची वाटली, अगदी सुबोधपेक्षाही.

---

सोलापुरी_चादर
१२ नोव्हेंबर २०१८

आमच्याकडे बघायला मिळणंच मुश्कील झालंय. त्याच दिवशी 'ठग्ज ऑफ हिंदोस्थान' आला, संध्याकाळचे सगळे खेळ त्याला. घाणेकरांना सकाळी साडेनऊ. दिवाळीच्या दिवसात सकाळी साडेनऊला घरचं कोण मोकळं असतं? आईला दाखवायचा आहे, तिने 'गारंबीचा बापू' बघितलं होतं त्यांचं.

---

रानपाखरू
१२ नोव्हेंबर २०१८

सोलापुरी_चादर, थोडं थांबा. 'ठग्ज' लोकांना आवडत नाहीये असं सगळीकडून ऐकतेय, या आठवड्यात खेळ वाढतील. आईंना नक्की दाखवा.

---

संघाची_पायरी
१२ नोव्हेंबर २०१८

इथे बहुतेक सगळे माझ्या मुलांच्या किंवा नातवंडांच्या वयाचे आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी गिरगावातला. साहित्य संघाच्या नाट्यगृहात आणि पुढे दादरला शिवाजी मंदिर झाल्यावर तिथे आम्ही नाटकं बघत मोठे झालो. चित्रपटाच्या नावातलं ते 'आणि' तुम्हा मंडळींना जाहिरातीची युक्ती वाटत असेल. आम्ही ते कानांनी ऐकलेलं आहे. पडदा उघडण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर नटांची नावं सांगत. एकेक नाव होई, लोक शांत. मग 'आणि' म्हणून निवेदक थांबे. तो मुद्दाम थांबे की त्याला थांबावंच लागे, देव जाणे, कारण पुढचं नाव ऐकूच येत नसे. शिट्ट्या, आरोळ्या, मागच्या रांगांत लोक उभे. नाटकाचं एक वाक्यही झालेलं नसे अजून.

हे चित्रपटाने नेमकं पकडलंय आणि त्याबद्दल मी दिग्दर्शकाचा ऋणी आहे. माझ्या नातवाला मी हे किती वेळा सांगितलं होतं. त्याला ते आजोबांचं वाढवून सांगणं वाटायचं. परवा चित्रपट बघून बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे हे असंच व्हायचं?"

तिसरी_घंटा यांच्या तक्रारीशी मी सहमत आहे, पण त्यात एक भर घालतो. पणशीकर या चित्रपटात घाणेकरांचे सोसणारे मित्र म्हणून येतात. प्रसाद ओकने काम उत्तम केलंय, त्यांचं पोट आणि त्यांचा दम दोन्ही दिसतात. पण पंत, म्हणजे पणशीकर, निर्माते म्हणून काय होते ते येत नाही. १९६३ साली त्यांनी नाट्यसंपदा काढली. 'तो मी नव्हेच'चा लखोबा करणारा हा माणूस, फिरता रंगमंच ट्रकवर घालून गावोगाव नेणारा. १९६६ ला 'अश्रूंची झाली फुले' काढलं तेव्हा स्वतः प्रोफेसर विद्यानंद केला आणि लाल्या घाणेकरांना दिला. आता विचार करा, नाटकाचा नायक विद्यानंद. आदर्शवादी प्राध्यापक, खोट्या आरोपात तुरुंगात जातो, आयुष्य उद्ध्वस्त होतं. आणि टाळ्या कोणाला? लाल्याला. निर्माता रोज रात्री आपल्याच नाटकात आपल्याच पैशाने दुसऱ्याला मोठं होताना बघतोय आणि तरी पुढच्या तारखा लावतोय. हे नातं पुरेसं दाखवलं असतं तर लागूंना एवढं समोर उभं करायची गरज पडली नसती.

---

तिसरी_घंटा
१२ नोव्हेंबर २०१८

आजोबा, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. पणशीकरांबद्दलचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पटला, पूर्ण पटला.

---

सदाफुली
१३ नोव्हेंबर २०१८

सगळे लाल्या आणि संभाजीबद्दल बोलताहेत. मला इरावतीबद्दल बोलायचं आहे.

डॉ. इरावती स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. शिकलेली, कमावती, नवऱ्याचं नाटकाचं वेड समजून घेणारी. नंदिता धुरीला प्रसंग किती कमी मिळालेत बघा, आणि तेवढ्यात ती काय करून गेलीये. एका जागी ती काहीच बोलत नाही, फक्त त्याच्याकडे बघते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मावशीने नाक ओढलं. इथे प्रेक्षक घाणेकरांच्या बाजूने राहत नाही, आणि चित्रपटाने त्याला तसं राहू दिलंय, ही दिग्दर्शकाची प्रामाणिक गोष्ट.

पण दुसरीकडे कांचन. ती लहान मुलगी असल्यापासून त्याला बघते आहे, दोघांच्या वयात केवढं अंतर. वैदेहीने काम गोड केलंय, तरी मला तो भाग बघताना अवघडल्यासारखं झालं. चित्रपट त्याकडे फक्त प्रेमकहाणी म्हणून बघतो. कांचनची आई म्हणून सुलोचनादीदींना काय वाटलं असेल? सोनाली कुलकर्णीच्या चेहऱ्यावर ते येतं, पण संवादात उतरत नाही. पुस्तक कांचनताईंचं असल्यामुळे असेल, मान्य. मला मात्र त्या आईचा अजून एक प्रसंग हवा होता.

---

रानपाखरू
१३ नोव्हेंबर २०१८

सदाफुलीताई, +१००. इरावतीचा तो प्रसंग माझ्याही डोक्यातून जात नाहीये.

---

विंगेतला
१३ नोव्हेंबर २०१८

मी व्यावसायिक नाटकाला प्रकाशयोजनेचं काम करतो, म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चित्रपटात नट दारू पिऊन उशिरा येतो, प्रेक्षक खवळतात, निर्माता हातापाया पडतो, आणि नट एकदा रंगमंचावर गेला की सगळं माफ. थिएटरात लोक टाळ्या वाजवत होते. मी नाही वाजवल्या. ज्या रात्री मुख्य नट येत नाही त्या रात्री काय होतं ते आम्हाला विचारा. सेट लागलेला असतो. सकाळपासून टेम्पो उतरवून, खिळे ठोकून, दिवे बांधून माणसं बसलेली असतात. प्रयोग रद्द झाला की बुकिंगच्या खिडकीवर पैसे परत, आणि आमच्या नाइटचं, म्हणजे त्या रात्रीच्या मजुरीचं, काय ते मालकाच्या मनावर. मेकअपवाला, कपडेपटवाला, पडदा ओढणारा, चहा आणणारा पोरगा, यातल्या कोणाचंही घर त्या नटाच्या प्रतिभेवर चालत नाही, ते प्रयोग होण्यावर चालतं. मी असा एक नट बघितलेला आहे. नाव घेणार नाही. मोठा होता, आजही लोक त्याच्या आठवणी काढून डोळे पुसतात. आम्ही पुसत नाही.

घाणेकर मोठे होते, याबद्दल माझं दुमत नाही. माझ्या गुरूंनी त्यांच्याबरोबर दौरे केलेत आणि ते त्यांच्याबद्दल प्रेमानेच बोलायचे. पण चित्रपट बनवणाऱ्यांनी एकदा, एकदाच, त्या रद्द झालेल्या प्रयोगानंतर विंगेत कॅमेरा ठेवायचा होता.

---

सदाफुली
१३ नोव्हेंबर २०१८

विंगेतला, हे वाचून गप्प झाले. आम्ही प्रेक्षक हे कधी बघतच नाही.

---

कान_नाक_घसा
१४ नोव्हेंबर २०१८

आयडीवरून कळलंच असेल कोणाची बाजू घ्यायला आलोय.

डॉ. लागू या चित्रपटात खलनायक नाहीत असं काही जण म्हणतील. पण मांडणी बघा. घाणेकर शिखरावर, तेवढ्यात एक थंड, बुद्धिमान, तिरकस माणूस येतो आणि त्यांचं सिंहासन हलतं. लागूंच्या आयुष्यात त्या काळात काय चाललं होतं? कान-नाक-घशाचा सर्जन, पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक या संस्थेत हौसेने नाटकं करणारा, मधली काही वर्षं आफ्रिकेत डॉक्टरकी केलेला. १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर सगळं सोडून पूर्णवेळ नट झाला. चाळिशीनंतर शस्त्रक्रियेची सुरी खाली ठेवून मराठी नाटकात उतरायचं म्हणजे काय, हे कल्पनेने बघा. हा माणूस कोणाचं सिंहासन हिसकवायला आलेला नव्हता. १९७० ला 'नटसम्राट' आलं आणि मराठी प्रेक्षकाला वेगळ्या जातीचा अभिनय बघायला मिळाला, एवढंच. त्याचा दोष लागूंच्या माथी कशाला?

दोन डॉक्टर, दोघांनी दवाखाना सोडला, दोघांना नाटकाने झपाटलं. हे साम्य किती मोठं होतं. चित्रपटाने स्पर्धा निवडली.

---

तिसरी_घंटा
१४ नोव्हेंबर २०१८

कान_नाक_घसा, साम्याचा मुद्दा सुंदर आहे. पण खलनायक म्हणण्याशी सहमत नाही. मला लागूंचे प्रसंग घाणेकरांच्या नजरेतून दाखवलेले वाटले. ज्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे त्याला समोरचा माणूस थंड आणि तिरकसच दिसणार. सुमीत राघवनने त्या थंडपणातही एक आदर ठेवलाय. प्रेक्षकांची आवड बदलत होती, टाळ्यांच्या वाक्यांवरून लोक शांततेकडे वळत होते, आणि त्या बदलाला चित्रपटात एक चेहरा लागतो. तो लागूंचा झाला.

---

कान_नाक_घसा
१४ नोव्हेंबर २०१८

नजर घाणेकरांची आहे हे मान्य केलं तरी, ज्या तरुण प्रेक्षकाने लागूंना 'पिंजरा' आणि 'सामना'तसुद्धा पाहिलेलं नाही, तो बाहेर काय घेऊन जाणार? त्याच्यासाठी लागू म्हणजे हाच माणूस. चरित्रपटात खरी नावं वापरता तेव्हा ही जबाबदारी येतेच. लागूसाहेब आज आपल्यात आहेत, म्हणून जास्त लागतं.

---

संघाची_पायरी
१४ नोव्हेंबर २०१८

मी दोघांनाही पाहिलं. आमच्या घरात तेव्हा यावरून भांडणं व्हायची, वडील लागूंचे, मी घाणेकरांचा. वडील म्हणत, तुझा घाणेकर प्रेक्षकांशी बोलतो, लागू समोरच्या पात्राशी बोलतो. तेव्हा राग यायचा. आता वाटतं दोघांचीही गरज होती. लोकांना नाट्यगृहापर्यंत आणलं ते घाणेकरांनी, हे त्या काळाच्या कोणत्याही निर्मात्याला विचारा.

---

गोंयचो_पोर
१५ नोव्हेंबर २०१८

एक छोटी गोष्ट जोडतो, गोव्याचा म्हणून. 'रायगडाला जेव्हा जाग येते' दी गोवा हिंदु असोसिएशनचं. 'नटसम्राट'ही त्यांचंच. म्हणजे घाणेकरांना ज्या नाटकाने उभं केलं आणि ज्या नाटकाने लागूंना शिखरावर नेलं, दोन्ही नाटकं मुंबईतल्या गोवेकरांच्या एकाच संस्थेने काढली. मास्टर दत्ताराम आमचे गोव्याचे. आमच्याकडे देवळांच्या उत्सवात नाटक करणारी मंडळी अजून त्यांचं नाव घेऊन कानाची पाळी पकडतात. चित्रपटात एवढे तारे आहेत, त्यात या संस्थेचं ऋण नीट दिसायला हवं होतं.

---

गोदाकाठ
१५ नोव्हेंबर २०१८

नाशिकहून. आनंद इंगळेचा कानेटकर आवडला. कानेटकर सर आमच्या नाशिकचे, इंग्रजीचे प्राध्यापक. 'अश्रूंची झाली फुले'वरून हिंदीत १९६९ ला 'आँसू बन गये फूल' आला आणि पुढे १९८४ ला यश चोप्रांचा 'मशाल'. 'मशाल'मधल्या दिलीपकुमारचं रस्त्यावरचं ते आक्रोश करणं सगळ्या देशाला माहीत आहे, पण मूळ नाटक नाशिकच्या एका प्राध्यापकाने लिहिलं होतं हे इथल्या पोरांनाही सांगावं लागतं.

---

ठाणे_पश्चिम
१६ नोव्हेंबर २०१८

मी बावीस वर्षांचा आहे. माझ्यासाठी काशिनाथ घाणेकर म्हणजे आमच्या इथलं नाट्यगृह, एवढंच होतं. रिक्षावाल्याला 'घाणेकरला सोड' म्हणायचं. ते कोण होते हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मित्रांबरोबर 'ठग्ज'ला गेलो होतो, तिकिटं संपली होती, म्हणून याला बसलो.

मला खरंच खूप आवडला. वर तुम्ही सगळ्यांनी जे दोष लिहिलेत ते वाचून पटतात, पण चित्रपट बघताना मला ते दिसले नाहीत, कारण मला आधीचं काहीच माहीत नव्हतं. एका माणसासाठी लोक असे वेडे व्हायचे, आणि तेही सिनेमासाठी नाही, नाटकासाठी, मराठी नाटकासाठी, हेच मला नवीन होतं. आम्ही चौघांनी बाहेर येऊन फोनवर त्यांची गाणी शोधली. 'गोमू संगतीनं' आजीच्या घरी ऐकलेलं होतं, ते त्यांच्यावर चित्रित आहे हे आत्ता कळलं.

संघाची_पायरी आजोबा, तुमचा प्रतिसाद मित्रांना वाचून दाखवला.

---

संघाची_पायरी
१६ नोव्हेंबर २०१८

जिवंत राहा पोरा. दादरला कधी आलास की भेट, अजून पुष्कळ आहे सांगण्यासारखं.

---

अंबानगरी
१७ नोव्हेंबर २०१८

अमरावतीहून लिहिते. २ मार्च १९८६ ला ते आमच्या गावात गेले. प्रयोगाच्या दौऱ्यावर होते, हृदयविकाराचा झटका आला. मी शाळेत होते. माझे बाबा संध्याकाळी घरी आले ते काही न बोलता बसून राहिले, आई म्हणाली, घाणेकर गेले. मुंबई-पुण्याकडची माणसं ज्यांना आपलं समजतात ते नट आमच्या विदर्भात बस आणि ट्रकने येऊन, मिळेल त्या जागी उतरून प्रयोग करत होते, शेवटच्या दिवसापर्यंत. चित्रपटातला उतरता काळ बघून लोक म्हणतील की दारूने संपवलं. मला वाटतं, उतरत्या काळातही हा माणूस दौऱ्यावर होता, काम करत होता, आणि ते सांगणंही तितकंच गरजेचं आहे.

---

विंगेतला
१७ नोव्हेंबर २०१८

अंबानगरीताई, हे खरं आहे. माझ्या गुरूंनी हेच सांगितलं होतं. मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण तुमचं हे त्याच्या शेजारी ठेवतो.

---

सोलापुरी_चादर
२० नोव्हेंबर २०१८

संध्याकाळचा खेळ मिळाला! आईला घेऊन गेलो. ती पूर्ण वेळ हसत होती, एकदा रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सुबोध चांगलाच आहे रे, पण घाणेकरांचा आवाज अंगावर यायचा." मी विचारलं, म्हणजे कसा? तिला सांगता येईना.

---

तिसरी_घंटा
२० नोव्हेंबर २०१८

तुमच्या आईंना सांगता येईना तिथेच चरित्रपटाची सगळी अडचण आहे. तेव्हा नाटकं चित्रित करून ठेवायची रीत नव्हती. गायकाचं बरं असतं, ध्वनिमुद्रिका राहते. नाटकाचा नट पडदा पडला की संपतो. सुबोध भावेला नक्कल करायलासुद्धा मूळ लाल्या हाती नव्हता. लोकांच्या आठवणी ऐकून त्याने तो उभा केलाय, आणि लोकांनी तो ओळखला.

---

रानपाखरू
१९ ऑक्टोबर २०१९

धागा वर काढतेय. 'अश्रूंची झाली फुले' पुन्हा रंगमंचावर आलंय आणि लाल्या स्वतः सुबोध भावे करतोय. दिग्दर्शन प्रतिमा कुलकर्णींचं, विद्यानंद शैलेश दातार. मी पाहून आले.

चित्रपटात लाल्याचे तुकडे होते, टाळ्या पडतील असे. इथे पूर्ण नाटक बघताना लाल्या बदलतो कसा ते दिसतं. पहिल्या अंकातला उर्मट पोरगा आणि विद्यानंदांबद्दल जीव तुटणारा नंतरचा माणूस, हा प्रवास चित्रपटात नव्हताच. आणि आजोबांनी वर जे लिहिलं होतं ते तंतोतंत खरं आहे. नाटक विद्यानंदांचं आहे. दातारांचं काम बघून मला ते कळलं. एका चित्रपटामुळे पन्नास वर्षांपूर्वीचं नाटक पुन्हा उभं राहिलं, नवीन पोरं तिकीट काढून बघताहेत, यापेक्षा आणखी काय हवं?

---

संघाची_पायरी
२० ऑक्टोबर २०१९

मी गेलो होतो, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. लाल्याचं 'उसमें क्या है' हे वाक्य आलं आणि सगळं नाट्यगृह त्याच्याबरोबर म्हणालं. नव्या नटाला त्या वाक्याचं ओझं होणार अशी भीती होती. झालं नाही.

---

कान_नाक_घसा
१८ डिसेंबर २०१९

काल डॉ. लागू गेले.

या धाग्यावर मी त्यांच्यासाठी भांडलो होतो म्हणून इथेच लिहितो. ज्यांनी त्यांना फक्त या चित्रपटातून ओळखलं त्यांनी कृपा करून 'लमाण' वाचावं, त्यांचं आत्मचरित्र. आपल्या कामाबद्दल इतक्या बारकाईने लिहिणारा नट मराठीत क्वचित सापडेल. तिसरी_घंटा यांनी पहिल्या पोस्टीत विचारलं होतं की भूमिका मिळाल्यावर नटाचं काय होतं ते कोणी दाखवत नाही. लागूंनी ते लिहून ठेवलंय.

---

तिसरी_घंटा
१८ डिसेंबर २०१९

वाचलंय, आणि आज पुन्हा काढून बसलोय. श्रद्धांजली.

---

सदाफुली
५ जून २०२३

काल सुलोचनादीदी गेल्या. या चित्रपटात त्यांची व्यक्तिरेखा बघून मी त्या आईच्या एका जास्तीच्या प्रसंगाची मागणी केली होती. गेल्या वर्षी चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की सोनाली कुलकर्णीने त्यांची पदर सावरण्याची, मान किंचित कलती ठेवून ऐकण्याची लकब किती प्रेमाने घेतली आहे. अख्ख्या हिंदी-मराठी पडद्याची आई झालेल्या बाईला स्वतःच्या मुलीच्या बाबतीत जगासमोर काय काय सोसावं लागलं असेल. तो प्रसंग मला आजही हवाय.

---

ठाणे_पश्चिम
६ जून २०२३

मी याच धाग्यावर बावीस वर्षांचा म्हणून लिहिलं होतं. मधल्या काळात घाणेकरांचे जुने चित्रपट मिळतील तसे बघितले. 'पाठलाग' १९६४ चा, राजा परांजपेंचा, ज्यावरून हिंदीत 'मेरा साया' झाला. 'मधुचंद्र' १९६७ चा, राजदत्तांचा पहिला चित्रपट. 'हा खेळ सावल्यांचा'.

एक प्रश्न पडलाय. सगळे म्हणतात घाणेकर म्हणजे चढा आवाज, टाळ्यांची वाक्यं. 'पाठलाग'मध्ये ते वकील आहेत, मेलेली बायको समोर आरोपी म्हणून उभी आहे की दुसरीच कोणी हे त्यांना कळत नाही, आणि ते सगळं किती दाबून, किती आतल्या आत करतात! शेवटचे प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिले. मग चित्रपटातले घाणेकर सतत उसळत का असतात? आजोबा, ते रंगमंचावरही असे शांत असायचे का?

---

संघाची_पायरी
८ जून २०२३

असायचे. बरं झालं विचारलंस, हे मला केव्हापासून लिहायचं होतं.

'रायगड'मध्ये बापलेक समोरासमोर येतात ते प्रसंग आठव. लोकांना वाटतं तिथे गर्जना असणार. मी पाहिलेल्या प्रयोगांत घाणेकर तिथे आवाज खाली आणत. दत्ताराम बोलत असताना ते त्यांच्याकडे बघत नसत, खाली बघत, आणि उत्तर द्यायची वेळ आली की पहिले दोन शब्द जवळजवळ ऐकू येत नसत. शिट्ट्या मारणारी आमची मागची रांग तिथे गप्प असे, कोणी खोकलं तर आम्हीच त्याला दटावत असू. टाळी नसे त्या जागी. म्हणून ती जागा कोणाच्या आठवणींच्या लेखात येत नाही, आणि चित्रपटातही आली नाही. लोक टाळीची वाक्यं लक्षात ठेवतात.

विद्यानंदांसमोरचा लाल्याही तसाच. पंत उभे असले की याची जीभ अडखळे.

माझ्याकडे त्या काळातल्या काही नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं आहेत. नातवाला सांगून फोटो काढून घेतो आणि इथे टाकतो. ज्यांच्या घरी जुनी नाट्यविषयक मासिकं, कार्यक्रमपत्रिका पडून असतील त्यांनीही बघावं. 'रायगड'च्या तालमींबद्दल कोणी काही लिहिलेलं सापडलं तर आधी इथे कळवा.